शिवडीची बाग आणि ग्रॅहमची याद

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडी म्हटली कीं खाडीकाठचा किल्ला, चाळी आणि जुनी ख्रिस्ती दफनभूमि डोळ्यांपुढें येते. परंतु दफनभूमीच्या याच जागेंत पूर्वीं पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेची वनस्पतिबाग होती. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानींत, 1865 च्या सुमारास, ती युरोपीयांच्या दफनासाठीं घेण्यांत आली. भायखळ्याची राणीची बाग 1862 सालींच लोकांस खुली झाली होती. बागेची परंपरा तिकडे गेली व शिवडीस थडगीं उरलीं.

या लुप्त बागेच्या शोधांत जॉन ग्रॅहम यांनीं केलेली मुंबई व आसमंतांतील वनस्पतींची याद (1839) हें महत्त्वाचें समकालीन साधन होय. ग्रॅहम हे टपालखात्यांतील अधिकारी. रानटी, लागवडीच्या व बाहेरून आणलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती त्यांनीं नोंदविल्या व अनेकांचीं देशी नांवें आणि स्थळें दिलीं, हा या यादीचा मोठा गुण.

तथापि पुरावा म्हणून ती वापरतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. पहिली, ही मुंबईच्या आसमंताची याद आहे, शिवडीच्या बागेची जंत्री नव्हे. यादींत नांव आहे एवढ्यावरून तें झाड शिवडीस होतें असें म्हणणें म्हणजे प्रांताच्या वसुलाचा कागद एका गांवाच्या माथीं मारणें होय. दुसरी, ग्रंथ छापला जात असतांनाच, 1839 च्या मे महिन्यांत, ग्रॅहम खंडाळ्यास वारले. उरलेला भाग जोसेफ निम्मो यांनीं पुरा केला. पोथींत हात बदलला कीं आपण पान तपासतों. छापील ग्रंथासहि तोच न्याय लागू केला पाहिजे. शेवटच्या पानांतील विधान ग्रॅहमच्या नांवावर घालणें सशास्त्र नव्हे.

दफनभूमींतील एखादा जुना वृक्ष दाखवून ‘हा त्या बागेंतला’ असें सांगणें सोपें आहे. पण वृक्ष आपली जन्मतारीख सांगत नाहीं. त्याला कागदाची जोड हवी. या यादीच्या जुन्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांचे समास अवश्य पाहावे. तेथें कोणा माळ्याची वा मालकाची ‘शिवडी’ अशी एक टीप सांपडली, तरी ती छापील पानाहून मोलाची ठरेल.