टर्मिनेटर : पूर्णविराम नाकारणारी चित्रपटमालिका

दीर्घकाळ चालणाऱ्या विज्ञानपटमालिकांचे भवितव्य बहुधा तिकीटबारीवर ठरते. परंतु एखादी मालिका थांबावी की चालू राहावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तिच्या कथेच्या घडणीतच शोधावे लागते. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८४ मधील चित्रपटापासून सुरू झालेली ‘टर्मिनेटर’ मालिका या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते, कारण तिची कथा दुसऱ्याच चित्रपटात पूर्णत्वाला पोहोचली आणि त्यानंतरच्या प्रत्येक भागाला ते पूर्णत्व मोडूनच स्वतःसाठी जागा करून घ्यावी लागली.

सुमारे ६४ लाख डॉलर खर्चात तयार झालेल्या पहिल्या चित्रपटात ‘स्कायनेट’ ही लष्करी संगणकप्रणाली स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव होताच मानवजातीवर अणुयुद्ध लादते आणि प्रतिकाराचा नेता जॉन कॉनर जन्मालाच येऊ नये म्हणून त्याच्या आईला, सारा कॉनरला, मारण्यासाठी भूतकाळात एक यंत्रमानव पाठवते. साराच्या रक्षणासाठी आलेला सैनिकच जॉनचा पिता ठरतो. म्हणजे जे टाळण्यासाठी हा खटाटोप केला जातो, तेच त्यातून घडते. कार्यकारणाचे हे बंद वर्तुळ पहिल्या चित्रपटाला शोकात्म गांभीर्य देते.

१९९१ च्या ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ने हे वर्तुळ फोडले. द्रवरूप धातूच्या खलयंत्रासाठी वापरलेली संगणकनिर्मित दृश्ये आणि चार ऑस्कर पुरस्कार यांमुळे तो तंत्राच्या इतिहासात गणला जातो, पण त्याचे खरे मोल त्याच्या विचारात आहे : भवितव्य आधीच लिहिलेले नसते, ते माणसाच्या कृतीतून घडते. साराच्या वृद्धापकाळातील शांत भविष्य दाखवणारा शेवट चित्रित होऊनही कॅमेरॉन यांनी तो वगळला आणि रात्रीच्या रस्त्यावर, अनिश्चित पण आशेला वाव देणारा शेवट ठेवला. हा मोकळेपणा प्रेक्षकावर जबाबदारी सोपवणारा होता; निर्मात्यांनी मात्र त्यात पुढच्या भागाची सोय पाहिली.

त्यानंतरचा प्रवास याचीच साक्ष देतो. २००३ च्या तिसऱ्या भागाने विनाश केवळ लांबला होता, तो अटळच आहे, असे सांगून आधीच्या संघर्षाचा अर्थच काढून घेतला. २००९ च्या ‘सॅल्व्हेशन’ने अणुसंहारानंतरच्या जगात जाऊन वेगळी वाट शोधली, तरी जॉनचे भवितव्य आधीच ठाऊक असल्याने त्या वाटेवर उत्कंठा उरली नाही. २०१५ च्या ‘जेनिसिस’ने कालरेषा, म्हणजे घटनांचा प्रस्थापित क्रम, नव्याने मांडून जॉनलाच यंत्र बनवले; तर २०१९ च्या ‘डार्क फेट’ने मधले तिन्ही भाग बाजूला ठेवले, जॉनला आरंभीच मारले आणि स्कायनेटच्या जागी ‘लीजन’, जॉनच्या जागी डॅनी रामोस अशी नावे बदलून तीच रचना पुन्हा उभी केली. साराच्या भूमिकेतील लिंडा हॅमिल्टन यांच्या अभिनयातील करारीपणाही या पुनरावृत्तीवर मात करू शकला नाही.

यावर ‘गॉडझिला’चे उदाहरण देऊन आक्षेप घेता येईल. १९५४ मध्ये अणुसंहाराच्या छायेत जन्मलेली ती जपानी मालिका २०१६ च्या ‘शिन गॉडझिला’मध्ये २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या प्रशासकीय हतबलतेशी आणि २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये युद्धातून वाचलेल्यांच्या अपराधभावनेशी भिडली. मात्र हा आक्षेप मूळ मुद्दाच स्पष्ट करतो. गॉडझिला हे प्रतीक आहे आणि प्रत्येक पिढी त्यात आपले भय ओतू शकते; टर्मिनेटरची कथा एका आईच्या आणि तिच्या मुलाच्या निवडीची आहे, आणि केलेली निवड वारंवार रद्द ठरवली की तिची किंमतच उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात यंत्राविषयीची चिंता कालबाह्य झाली आहे, असे मुळीच नाही. उलट ‘हर’ (२०१३) आणि ‘एक्स मशिना’ (२०१५) या चित्रपटांनी एकाकीपणा, मोह आणि मालकी यांच्या अंगाने हा विषय अधिक सूक्ष्मपणे हाताळला, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही जुन्या मालिकेचा आधार घ्यावा लागला नाही. आजचे यंत्र हातात शस्त्र घेऊन येत नाही, ते सोयीच्या रूपाने घरात येते. या भयाला नवी पात्रे आणि नवी कथनपद्धती हवी. म्हणून ‘टर्मिनेटर’ची चित्रपटमालिका आता थांबणेच योग्य ठरेल : त्यामुळे दुसऱ्या चित्रपटाने माणसाच्या कर्तृत्वावर टाकलेला विश्वास अबाधित राहील, आणि तिने उभा केलेला प्रश्न पुढच्या कलावंतांना आपल्या काळाच्या भाषेत विचारता येईल.