कारवीच्या मधाचं वय

स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावीच लागते. बाटलीवर १८ लिहिलं असेल, तर आतली सर्वांत कोवळी व्हिस्कीही १८ वर्षांची असते. बाटलीत भरल्यावर मात्र हे वय थांबतं. इतक्याच सबुरीनं चाखावा असा एक रस साताऱ्याच्या डोंगरात मिळतो: कारवीचा मध. त्याचंही वय बाटलीत शिरण्याआधीच पुरं झालेलं असतं.

कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते. मग एका वर्षी पाऊस ओसरता ओसरता एकाच वेळी फुलते, उतारच्या उतार निळे-जांभळे होतात, आणि बी धरून ती मरते. महाबळेश्वरापासून कोयनेवरून सांगलीच्या चांदोलीपर्यंत हीच डोंगररांग पसरली आहे. एरवी पावसाळा म्हणजे पेट्यांत पाळलेल्या सातेरी मधमाशांची उपासमार. पेट्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. कारवी फुलते त्या वर्षी मात्र पावसाळ्याच्या शेवटी सुगी येते.

हा मध कोमट पाण्यात घालून संपवू नये. काचेच्या वाटीत चमचाभर घ्यावा, उजेडाकडे धरावा. रंग गडद, तांबूसकडे झुकणारा. मग नाकाशी न्यावा. आंबूस वास आला तर मध कच्चा काढलेला. फुलातल्या रसात पाणी फार असतं. माशा पंखांनी वारा घालून ते आटवतात आणि मगच घरावर मेणाचं झाकण बसवतात. त्याआधी पोळं काढलं की मध आंबतो. पक्क्या मधाचा वास स्वच्छ असतो. कारवीच्या मधात मला त्यात पावसानंतरच्या रानाचा ओलसर, हिरवा गंध जाणवतो.

जिभेवर पहिल्यांदा गोडी येते, पण ती अंगावर येत नाही. लगेच न गिळता थांबलं की कडांना तुरटपणा उमटतो आणि शेवटी घशात हलकी कडवट ऊब उरते. उन्हाळ्यातल्या जांभळाच्या मधाचा कडवटपणा लवकर पुढे येतो. कारवीचा सर्वांत शेवटी येतो आणि जास्त रेंगाळतो. या मधाची थोरवी मला त्या रेंगाळण्यातच दिसते. सातेरीच्या मधात पाण्याचा अंश जरा जास्त असतो, म्हणून तो पातळ वाटला तर भेसळीचा संशय घेऊ नये. साखर धरली तरीही नाही.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. गावाला मान मिळाला, तसा मधालाही मिळायला हवा. कारवीच्या बाटलीवर फुलाचं नाव, रानाचं नाव आणि फुलोऱ्याचं वर्ष छापलंच पाहिजे. व्हिस्कीचं वय लाकडानं दिलेलं असतं, या मधाचं वय एका झाडानं आयुष्य देऊन कमावलेलं असतं. गिऱ्हाइकाला ते वाचता आलं, तरच त्याची किंमत आणि चव दोन्ही कळतील.