राजाला शिकविणारा दिवाण

कोहक्यातील भाड्याच्या खोलीत, कचेरीतून परतल्यावर रोज थोडी थोडी, सर टी. माधवराव यांची ‘मायनर हिंट्स’ ही व्याख्याने नुकतीच वाचून संपविली. तरुण सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळण्यापूर्वी, १८८१ साली, त्यांच्या दिवाणाने ती इंग्रजीतून दिली. राहुल सागर यांनी २०२२ साली ‘द प्रोग्रेसिव्ह महाराजा’ या ग्रंथाद्वारे ती पुन्हा उजेडात आणली. परमुलखात चाकरी करणाऱ्या मराठी माणसाने हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र डोळे मिटून त्याची पूजा करू नये.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यात झाला. १८५८ पासून त्रावणकोरचे दिवाण म्हणून त्यांनी मक्ते मोडले, संस्थानाची आर्थिक घडी बसविली. तरीही महाराज आयिल्यम तिरुनाळ यांचे मन त्यांच्याविषयी कलुषित झाले आणि १८७२ साली त्यांना पद सोडावे लागले. पुढे इंदूर, आणि मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर १८७५ साली बडोदे. म्हणजे हे धडे देणारा गृहस्थ राजाच्या अवकृपेची झळ सोसलेला होता.

त्यामुळेच या लेखनाला वजन आहे. राज्य प्रजेच्या सुखासाठी आहे, राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा हवी, न्यायाच्या कामात राजाने हात घालू नये, हुजऱ्यांच्या कानगोष्टींना थारा देऊ नये, हे सारे माधवराव अलंकाराशिवाय, दप्तरातील नेटक्या टिपणाप्रमाणे मांडतात. अनुभवाने तावून निघालेला हा गद्याचा उत्तम नमुना होय.

परंतु ग्रंथाच्या रचनेतच एक उणीव आहे. येथे बोलणारा एकच आणि ऐकणाराही एकच. राजाने कसे वागावे हे दिवाण सांगतो. शिष्य मोठा झाल्यावर दिवाणाने कसे वागावे, हे दिवाणाला सांगणारे कोणी नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना अधिकार मिळाले आणि १८८२ साली मतभेद होऊन माधवरावांनी राजीनामा दिला. धडा फुकट गेला असे मात्र म्हणता येत नाही. स्वतंत्र बुद्धीचा राजा घडविणे हाच हेतू असेल, तर ती बुद्धी प्रथम गुरूलाच जाणवणार.

आपल्याकडील ‘आज्ञापत्र’ही अमात्याच्याच हातचे, पण रामचंद्रपंतांनी ते राजाच्या मुखाने वदविले, म्हणून त्यात राजाबरोबर प्रधानाचीही कर्तव्ये येतात. ही दुसरी बाजू ‘मायनर हिंट्स’मध्ये असती तर ग्रंथ पूर्णत्वाला गेला असता.

या ठिकाणी बिस्मार्कचे स्मरण होते. मंत्र्यांनी पंतप्रधानाला डावलून राजाकडे जाऊ नये, या १८५२ च्या हुकुमावर तो अडून बसला. तरुण कैसर विल्हेल्मला तो रद्द हवा होता. मार्च १८९० मध्ये त्याला जावे लागले. पुढे त्याने आठवणी लिहिल्या. कैसरवर कोरडे ओढणारा त्यांचा तिसरा खंड सिंहासन कोसळल्यावर, १९२१ साली बाहेर आला. बिस्मार्कने भांडणानंतर फिर्याद लिहिली, माधवरावांनी भांडणापूर्वी शिकवण दिली. या दोहोंत मी माधवरावांना श्रेष्ठ मानतो.

ज्याला आपण मसुदा लिहायला शिकविले, त्यानेच एके दिवशी वरिष्ठ होऊन आपल्या मसुद्यावर रेघ ओढावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. त्या रात्री हे पुस्तक वाचावे. समाधान मिळेलच असे नाही. परंतु ती रेघ कदाचित आपल्याच शिकवणीची खूण असेल, एवढे तरी ध्यानात येईल.