राजकुमारला व्हिसा लागला नाही

अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी २००० साली आली. आमच्या रत्नागिरीत ती बऱ्याच जणांना न वाचताच माहीत असते, ‘थिबा राजावरची कादंबरी’ म्हणून. पण ती मुळात थिबाची नाही. ती राजकुमार नावाच्या एका अनाथ पोराची आहे. १८८५ मध्ये इंग्रज मंडाले घेतात, राजवाड्यात लूट सुरू होते आणि त्या गोंधळात अकरा वर्षांच्या राजकुमारला राणीच्या दासींमधली डॉली दिसते. राजघराण्याची हद्दपारी होते, डॉली त्यांच्याबरोबर जाते. वीस वर्षांनी, सागवानाच्या धंद्यात पैसा कमावलेला राजकुमार तिला शोधत रंगूनहून थेट रत्नागिरीत येतो.

म्हणजे लाँग डिस्टन्सचीच गोष्ट. फक्त त्यात कॉल नाहीत, मेसेज नाहीत आणि समोरचीला आपण कुणाच्या लक्षात आहोत याचा पत्ताही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्यात, काम रत्नागिरीच्या घरातून. माझी गर्लफ्रेंड दीड वर्षापासून युरोपात नोकरी करते. सध्या माझी शेंगेन व्हिसाची फाइल तयार होतेय आणि त्याच दिवसांत मी ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली. कॉलेजात असताना आवडली होती. आताही आवडली. पण या वेळी एका जागी अडलो: राजकुमार इथे आला कसा?

घोष हा भाग पटकन पार करतात. राजकुमारच्या मागे रंगूनहून आलेलं एक शिफारसपत्र आहे, इथल्या कलेक्टरच्या बायकोच्या, म्हणजे उमाच्या, नात्यातल्या माणसाचं. तेवढ्यावर तो कलेक्टरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतो. ऐतिहासिकदृष्ट्या यात काही खोट नाही. १९०५ मध्ये ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, तो वेगळा झाला १९३७ मध्ये. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा आला १९२० मध्ये. राजकुमारसाठी रंगून ते रत्नागिरी हा प्रवास लांबचा होता, पण एकाच राज्यातला होता. बोटीचं भाडं असलं की झालं.

माझी तक्रार वेगळी आहे. ही कादंबरी साम्राज्यावर फार बारीक नजर ठेवते. इंग्रजांसाठी लढणारे हिंदी सैनिक, मलायातले रबराचे मळे, त्यात राबणारे मजूर, कुठेही ती साम्राज्याला सोडत नाही. फक्त प्रेमकथेत तिची नजर ढिली पडते. राजकुमार डॉलीपर्यंत पोचतो याचं सगळं श्रेय त्याच्या जिद्दीला मिळतं. ज्या साम्राज्यानं डॉलीला इथे आणून डांबलं, त्याच साम्राज्यानं राजकुमारचा रस्ता मोकळा ठेवला होता, ही गोष्ट कादंबरीत आहे, पण कादंबरी तिच्याकडे वळून बघत नाही.

जिद्द माझ्याकडेही आहे. पण फाइलमध्ये ती लावायला कॉलम नाही. शेंगेनच्या फॉर्मवर प्रवासाच्या हेतूसाठी पर्याय असतात: पर्यटन, व्यवसाय, कुटुंबीय किंवा मित्रांची भेट, वैद्यकीय उपचार वगैरे. ती माझी कुटुंबीय नाही आणि नुसती मैत्रीणही नाही. वैवाहिक स्थितीत मी ‘अविवाहित’. पुढे बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, कंपनीचं रजेचं पत्र, तीस हजार युरोंचं विमा संरक्षण, परतीचं बुकिंग. बाबांच्या कलमांच्या बागेचा सातबारासुद्धा मी भाषांतर करून जोडतोय. मुद्दा एकच सिद्ध करायचा: मी परत येणार. व्हिसाच्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका असेल, तर अर्ज नाकारता येतो.

त्यामुळे कव्हर लेटर हा साहित्यप्रकार प्रेमपत्राच्या नेमका उलटा असतो. प्रेमपत्रात आपण सांगतो की तुझ्याशिवाय इथे करमत नाही. कव्हर लेटरमध्ये सांगायचं की इथे माझं सगळं आहे: आईवडील, नोकरी, घर, आंब्याचा सीझन. तिथे फक्त पंधरा दिवस. मी मसुदा तिला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अरे, छान लिहिलंयस. पण यात मी कुठंय?”

पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. मी परत येणारच आहे. पण तिचं काँट्रॅक्ट पुढच्या वर्षी संपतंय आणि या पंधरा दिवसांत आम्हाला ठरवायचंय की पुढे कोणी कुठे जायचं. ठरलंच नाही तर काय, हेही. ज्या प्रश्नासाठी मी चाललोय, तो पत्रात लिहिला तर ‘वाजवी शंका’ तयार होते. म्हणून पत्रात किल्ले आणि म्युझियमं आहेत.

हे सगळं डोक्यात असताना कादंबरीतला रत्नागिरीचा भाग वेगळाच दिसायला लागला. बंगल्यातून दुर्बिणीनं समुद्रावरच्या बोटी बघणारा थिबा हे घोष यांनी उभं केलेलं मला सगळ्यात आवडणारं चित्र आहे. १८८६ मध्ये त्याला इथे आणलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं. आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो बांधून झाला १९१० मध्ये, म्हणजे राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. त्याला कुठे जायचं तर सरकारची परवानगी लागायची. मुलींची लग्नं हासुद्धा सरकारी पत्रव्यवहाराचा विषय होता. राजकुमारला न दिसलेले कागद या घरात ढिगांनी होते.

आणि याच घरात रत्नागिरीची खरी लाँग डिस्टन्सची गोष्ट घडली. थोरली राजकन्या वाड्यावरच्या गोपाळ सावंत या दरवानाच्या प्रेमात पडली. तो आधीच विवाहित होता. १९०६ मध्ये त्यांना टूटू ही मुलगी झाली. राजाच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, कुटुंबाला ब्रह्मदेशात परतायला मिळालं. थोरलीही गेली. आणि मग पुन्हा रत्नागिरीला आली, ती कायमची. सगळं घराणं ज्या गावातून सुटायची वाट बघत होतं, त्या गावात ती स्वतःहून परतली.

घोष यांनी दरवानाचा गाडीवान केला, गोपाळचा मोहन केला. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असतेच. पण तिचं परतणं कादंबरी जाता जाता उरकून टाकते. डॉलीसाठी समुद्र ओलांडणारा पुरुष नायक होतो. सावंतांसाठी तोच समुद्र ओलांडणारी बाई तळटीप होते. मला हा कादंबरीचा सगळ्यात मोठा दोष वाटतो.

ती जागा भरून काढते सुधा शाह यांचं ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२). ही कादंबरी नाही, संशोधन आहे. सरकारी दप्तरं आणि माणसांच्या आठवणी यांतून त्यांनी राजघराण्याची कहाणी जुळवलीय. घोष यांच्यासारखं गद्य इथे मिळणार नाही. पण अर्ज, शेरे, मंजुऱ्या यांच्या मधल्या फटींतून माणसं दिसतात, आणि फाइल बनवणाऱ्या वाचकाला ती जवळची वाटतात. शिवाय शाह परतण्याला गोड करत नाहीत. राजकन्येचे पुढचे दिवस हालाखीत गेले. १९४७ मध्ये ती इथेच वारली. टूटू मराठी बोलत, गरिबीत, इथल्याच माणसांसारखी जगली आणि २००० साली गेली. ‘द ग्लास पॅलेस’ आली त्याच वर्षी.

व्हिसाची फाइल एवढंच विचारते की माणूस परत येणार का. ‘द ग्लास पॅलेस’ विचारते की माणूस पोचणार का. परत आल्यावर त्याचं काय झालं, हे दोघीही विचारत नाहीत. ते विचारणारी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती रत्नागिरीत घडलेली असावी आणि मराठीत असावी, असं मला वाटतं.