तीन मिनिटं, एक स्लाइड आणि गाळलेलं ‘अजून’

यूट्यूबवर ‘थ्री मिनिट थिसिस’ शोधून बघा. जगभरातले पीएचडीचे विद्यार्थी रंगमंचावर येतात आणि तीन मिनिटांत आपलं चालू संशोधन सांगून जातात. कोणी मधमाश्यांवर, कोणी गुडघ्याच्या कूर्चेवर, कोणी एखाद्या लुप्त होणाऱ्या बोलीवर. सलग दहा-बारा बघा, वेळ मजेत जातो. मग मात्र काहीतरी खटकायला लागतं.

आधी हा प्रकार काय ते सांगते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने ही स्पर्धा २००८ मध्ये सुरू केली. तेव्हा तिथे दुष्काळ होता आणि अंघोळ लवकर आटपावी म्हणून लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचा टायमर लावत. कल्पना तिथून सुचली! नियम कडक आहेत. स्थिर स्लाइड एकच. व्हिडिओ नाही, हातात वस्तू नाही, गाणं-कविता नाही. वेळ संपल्यावर बोललात की बाद. आयोजकांचा आवडता हिशेब असा, की ८०,००० शब्दांचा प्रबंध मांडायला नऊ तास लागतील.

हे नियम मला मनापासून आवडतात. आपल्याकडच्या चर्चासत्रांत ‘वेळ कमी आहे, या पंधरा स्लाइड्स पटकन पुढे नेते’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. तिथे हा टायमर भिंतीवर ठोकायला हवा.

अडचण वेळेची नाही, निकषांची आहे. परीक्षक विषयाबाहेरच्याला समजलं का, हे बघतात, तसंच संशोधनाचे निष्कर्ष आणि परिणाम स्पष्ट झाले का, हेही बघतात. आता बघा, काम चालू आहे. निष्कर्ष असणार कुठून? मग ते उसने आणले जातात, आणि भविष्यकाळातून आणले जातात. सुरुवातीला आजीचा आजार किंवा एखादा घाबरवणारा आकडा, शेवटी ‘कल्पना करा, असं जग जिथे...’. मधली दीड मिनिटं, म्हणजे खरं संशोधन, धावत उरकायची.

मी सोडियम-आयन बॅटरीच्या पदार्थांवर काम करते. ‘उद्याची स्वस्त बॅटरी’ हे वाक्य मलाही तोंडपाठ आहे. पण प्रयोगशाळेतला आजचा प्रश्न वेगळाच आहे: एकाच भुकटीपासून, एकाच पद्धतीने, एकाच दिवशी बनवलेले तीन कॉइन सेल तीन वेगळी मापं का देतात? दोष भुकटीत आहे, लेप देण्यात आहे की सेल दाबून बंद करण्यात? माझे महिने यात जातात. आणि हे सांगायला तीन मिनिटं पुरतात हो. रहस्यकथा आहे ती! पण तिला ‘परिणाम’ म्हणत नाहीत.

निदान माझ्याकडे बॅटरी तरी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल सोडून बसलेल्या अभ्यासकाने काय करावं? एका पत्रावर तिथी आहे, साल नाही. ते साल ठरवायला त्याला माणसांची नावं, मोहिमा, अक्षराचं वळण, कागद, सगळं ताडून बघावं लागतं. श्रोत्यांना हे ऐकायला नक्की आवडेल. पण निकष समोर ठेवले, की त्याला शेवटी ‘आजच्या प्रशासनाला यातून काय शिकता येईल’ असं शेपूट जोडावं लागतं. गणितवाल्यांची गत तर विचारूच नका.

यावर एक उत्तर ठरलेलं आहे: स्पर्धाच आहे, सगळं कसं सांगणार? मान्य. पण काय गाळायचं याला क्रम असतो. इथे सगळ्यात आधी गळतं ते ‘अजून माहीत नाही’. करदात्यांच्या पैशावर चाललेल्या कामाची ओळख करून देताना नेमकं तेच गाळलं, तर चार वर्षांनी लोक विचारणारच, ‘काय झालं त्या बॅटरीचं?’

आता आपल्याकडच्या विद्यापीठांतही या स्पर्धा होतात. एखाद्या विभागाने निकषांत एक ओळ वाढवून बघावी: तुमचं म्हणणं चुकीचं आहे, हे तुम्हाला कशावरून कळेल? त्यासाठी तीस सेकंद द्यायची. आजीचे तीस सेकंद कापले, की हिशेब जुळतो.