ध्वनिमुद्रिकेचे कर्तृत्व : जी. एन. जोशी यांच्या कारकिर्दीच्या संदर्भात

भावगीताच्या समीक्षेत कवी, संगीतकार आणि गायक या तिघांचा विचार झाला; ध्वनिमुद्रिका सिद्ध करणाऱ्या निर्मात्याचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. पाश्चात्त्य जॅझच्या अभ्यासात नॉर्मन ग्रान्झ यांना आणि पॉप संगीताच्या अभ्यासात जॉर्ज मार्टिन यांना निर्माते म्हणून स्वतंत्र स्थान आहे. मराठीत असा शोध घ्यावयाचा झाल्यास जी. एन. जोशी (१९०९–१९९४) यांचे नाव प्रथम समोर येते.

जोशी आरंभी गायक होते. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या आवाजात ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकडीवर आली आणि छापील पानावरची कविता घरोघरी ऐकली जाऊ लागली. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे. मोजकी कडवी, पुन्हा पुन्हा येणारे ध्रुवपद, चटकन मनात ठसणारी चाल हा भावगीताचा घाट काही अंशी या कालमर्यादेनेच घडविला. गायक म्हणून ही मर्यादा स्वतः अनुभवलेले जोशी १९३८ मध्ये त्याच कंपनीत अधिकारी म्हणून रुजू झाले आणि तीच मर्यादा इतरांना समजावून सांगणे हे त्यांचे काम झाले.

भावगीतात संक्षेप हा गुण ठरतो. ख्यालात तो अनेकदा अन्याय ठरतो. दीर्घ मुद्रिका आल्यावर हे चित्र पालटले. जोशी कंपनीत असतानाच, १९६० मध्ये, अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी हे राग एकेका बाजूवर सलग ऐकावयास मिळाले. वाढलेल्या अवकाशाचे करावयाचे काय, हा प्रश्न आता निर्मात्यापुढे होता.

१९६७ मध्ये मुद्रित झालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे या प्रश्नाचे जोशी यांनी निर्माता म्हणून दिलेले उत्तर होय. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा हे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपास होते. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. संतूर काश्मीरच्या परंपरेतून आलेले, गिटार पश्चिमेकडून आलेली. मैफलीच्या दृष्टीने दोन्ही वाद्ये नवखीच. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस हे सूत्र धरून येथे राग येतात. या कल्पनेत वादकांचा, विशेषतः शर्मांचा, वाटा मोठा होता. मग निर्मात्याचे कर्तृत्व कोणते? ते स्वररचनेत नाही; निवडीत, जुळणीत आणि जोखमीत आहे. प्रस्थापित उस्तादांऐवजी या तिघांवर विश्वास टाकणे हा व्यापारी निर्णय होताच, पण तो एक समीक्षात्मक निर्णयही होता.

या मुद्रिकेवर एक आक्षेप संभवतो. रागाला कथेचे निमित्त दिले की श्रोत्याची कल्पना बांधली जाते. अहीर भैरवात पहाट ऐकण्याऐवजी तो मेंढपाळ शोधू लागतो. हा आक्षेप पूर्णतः निराधार नाही. तथापि रागसमयाची कल्पना परंपरेतच आहे. मैफलीत एकाच प्रहरापुरती राहणारी ही कल्पना मुद्रिकेत सबंध दिवसभर पसरते. कथा क्षीण आहे, पण क्रम अर्थपूर्ण आहे. आणि हा क्रम मैफलीत नव्हे, मुद्रिकेतच शक्य होता.

येथे ‘शीळ’शी तुलना उद्बोधक ठरते. ‘शीळ’चा आस्वाद मराठीच्या ज्ञानावर अवलंबून होता. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला शब्दच नाहीत, म्हणून चंडीगढचा पंजाबीभाषक श्रोता आणि परदेशातील श्रोता तिच्यापाशी सारख्याच अधिकाराने येतात. भाषेच्या बळावर सुरू झालेली एका मराठी गायकाची वाटचाल अशा रीतीने भाषेपलीकडे पोहोचली.

‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींच्या पुस्तकात आणि ‘डाउन मेलडी लेन’ (१९८४) या इंग्रजी पुस्तकात जोशी प्रामुख्याने कलावंतांविषयी लिहितात. शीर्षकातील ‘तीर’ हा शब्द सूचक आहे : निर्माता प्रवाहात नाही, काठावर आहे. हा विनय लेखकाला शोभतो; समीक्षेने मात्र तो प्रमाण मानू नये. काठ प्रवाह निर्माण करीत नाही हे खरे, परंतु प्रवाहाला आकार काठामुळेच येतो. भावगीताचा इतिहास लिहिताना या काठाची नोंद होणे आवश्यक आहे.