सरोवरातले पराग आणि थरच्या वाळवंटाची कहाणी

राजस्थानातील सांभर, डिडवाना आणि लूणकरणसर ही तीन खारी सरोवरे आणि गोड्या पाण्याचे पुष्कर, यांच्या गाळातील परागकण मोजून डॉ. गुरदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी थरच्या वनस्पतींचा इतिहास मांडला. त्याचा सविस्तर निबंध १९७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याआधीच, १९७१ मध्ये, सिंग यांनी या पुराव्याचा संबंध सिंधू संस्कृतीच्या उदयास्ताशी जोडला होता. पाऊस गेला, रान गेले आणि म्हणून शहरे ओस पडली, ही वर्गात सहज सांगितली जाणारी साखळी पुष्कळदा या कामाच्या आधारावर उभी असते. तिची प्रत्येक कडी सारखीच मजबूत आहे का, हे पाहायला हवे.

वनस्पतींविषयीचा भाग आजही वाचनीय आहे. परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की तीव्र आम्लातही ते विरघळत नाही. हवा न पोचणाऱ्या गाळात ते हजारो वर्षे टिकते. या सरोवरांच्या तळाशी वाऱ्याने आणलेली वाळू आहे. म्हणजे त्या वेळी वाळूच्या टेकड्या सरकत होत्या आणि त्यांना धरून ठेवणारी झाडी नव्हती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून त्यावर सरोवराचा गाळ साचू लागतो आणि त्यात गवते, लव्हाळे, पाणकणीस आणि आर्टेमिशिया (आपला दवणा याच प्रजातीतला) यांचे पराग येतात. वर्षाला ५० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो अशा भागात आज वाढणाऱ्या काही वनस्पतींचेही पराग सापडले. लूणकरणसरला आज साधारण २५ सेंटिमीटर पाऊस पडतो. एखादी वनस्पती तिथे होती की नव्हती यावरून काढलेला हा निष्कर्ष मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

टक्केवारीवर उभ्या असलेल्या निष्कर्षांबाबत मात्र सावध राहावे. समजा, एका थरात १०० पराग मोजले: ६० चाकवताच्या कुळातले, ४० गवतांचे. वरच्या थरात पहिले ३० वर आले, गवतांचे ४० च राहिले. आता गवतांचा वाटा ५७ टक्के झाला. आलेखात गवताळ रान पसरलेले दिसेल, पण गवताची एक काडीही वाढलेली नाही! (हे उदाहरण नववीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडावे.) शिवाय गवते वाऱ्यावर भरमसाट पराग सोडतात, तर शमी आणि बाभूळ कीटकांवर अवलंबून असतात. बाभळीचे पराग तर गठ्ठ्यांनी असतात, ते दूर उडत नाहीत. वाळवंटातली झाडे गाळात त्यामुळे नेहमीच कमी दिसणार.

याहून नाजूक मुद्दा शेतीचा. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थरांपासून तृणधान्यासारखे मोठे पराग आणि कोळशाचे कण दिसू लागतात. त्यावरून माणसाने रान जाळून काही पिकवले असावे, असे सिंग यांनी सुचवले. पण गवतांचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच, गोल आणि एका छिद्राचे. ते वेगळे करायचे ते मुख्यतः आकारमानावरून, आणि काही रानगवतांचे परागही मोठे असतात. वणवा विजेनेही लागतो. एवढ्यावर शेती सिद्ध होत नाही.

मग काळाचा प्रश्न. १९९९ साली येहूदा एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लूणकरणसरचा गाळ अधिक बारकाईने तपासून 'सायन्स' मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मते हे सरोवर ४८०० कार्बन-१४ वर्षांपूर्वी आटले. कार्बन-१४ ची वर्षे आणि सौर वर्षे तंतोतंत जुळत नाहीत. दुरुस्ती केली की हा काळ सुमारे ५५०० वर्षांपूर्वीचा ठरतो. हडप्पाची भरभराटीची शहरे उभी राहिली ती त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, सुमारे ४६०० वर्षांपूर्वी. म्हणजे त्या सरोवराभोवतीचा प्रदेश आधीच कोरडा होता आणि शहरे त्यानंतर वाढली.

यावरून हवामानाचा काही संबंधच नव्हता असे म्हणणेही घाईचे होईल. हरियाणातील कोटला डहर येथील जुन्या सरोवरातल्या गोगलगाईंच्या शंखांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी कमकुवत झाल्याचे दिसते, आणि शहरांचा ऱ्हास त्या काळाच्या जवळ येतो. पण कोटला डहर म्हणजे लूणकरणसर नव्हे. मोहेंजोदडो तर लूणकरणसरहून पाचशे किलोमीटरपेक्षा दूर, सिंधूच्या काठी; त्या नदीला हिमालय आणि काराकोरमच्या बर्फाचे पाणी मिळते. लूणकरणसरभोवती रान किती होते यावरून सिंधूकाठच्या पिकांविषयी बोलायचे, तर मधली पायरी कोणीतरी दाखवायला हवी. परागांतून ती दिसत नाही.